अंकोरच्या अलीकडे

मद्रास मेल कल्याणहून सुटली आणि कित्येक महिन्यांनी मला मोकळा श्वास घेता आला. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत मला बसवेनासं झालं होतं. त्या पावसाळ्यात आमचा मुकुंद गेला. आठ महिन्यांचा होता. साधा ताप आला, चढत गेला, आणि डॉक्टर दुसऱ्यांदा येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यानंतर माझ्या हातून एक काम धड पुरं होईना. भाजी चिरता चिरता उठायची, दाराशी जायची, परत यायची. माझे यजमान रेल्वेच्या कचेरीत नकाशे काढायचे. ते वेळेवर जात, वेळेवर येत, जेवून पुस्तक उघडून बसत. मुकुंदाचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही. मला वाटे, या माणसाला काही झालेलंच नाही.

माझे थोरले दीर पिनांगला एका रबराच्या कंपनीत होते. त्यांनीच आग्रहानं आम्हाला हवापालटाला बोलावलं. मद्रासहून बोट. काळं पाणी, उलट्या, डेकवर अंथरूण पसरून बसलेली तमिळ कुटुंबं. मी मात्र बोटीवर खूष होते. बोट थांबत नव्हती.

पिनांग सुंदर आहे. समुद्रालगत चिनी देवळं, मशिदी, आपल्याकडच्यासारखी नारळाची झाडं, आणि रस्त्यावर दर दहा पावलांवर काहीतरी तळत असलेलं. पण दिरांच्या घरी मला राहवेना. जाऊबाईंचा धाकटा दोन वर्षांचा होता. मी ओसरीत आले की त्या त्याला आत नेत. त्याचं हसणं ऐकू आलं की दार लोटून घेत. सगळं माझ्यासाठीच चाललं होतं, आणि तेच मला सोसत नव्हतं. एके दिवशी जेवताना मी म्हणाले, "मला अंकोर पाहायचंय."

शाळेत असताना इतिहासाच्या बाईंनी कंबोडियातल्या अंकोरच्या देवळाचं एक चित्र वर्गात फिरवलं होतं. तेवढीच माझी त्याची ओळख.

दीर माझ्याशी थेट बोलत नसत. ते यांना म्हणाले, "अरे, तिला सांग, मधे सबंध सयाम देश आहे. गाड्या बदला, बस बदला. एवढी दगदग कशाला?"

मला वाटलं, हे मान डोलावतील. ते ताक पिऊन झाल्यावर म्हणाले, "जाऊ या की."

दिरांनी बाजारातून दोन खाकी पिशव्या आणल्या. लढाईनंतर विकायला निघालेल्या, सैनिक पाठीला बांधतात तसल्या. पाचवारी पातळावर ती पिशवी चढवून मी आरशापुढे उभी राहिले, तर जाऊबाई तोंडाला पदर लावून हसल्या. त्या घरात मोकळं हसू मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मलायात त्या वेळी जंगलात बंडखोर होते. त्यांना अन्न पोचू नये म्हणून रस्त्यानं खाण्याचे जिन्नस न्यायला बंदी होती, हे जाऊबाई लाडवांचा डबा भरताना साफ विसरल्या. अलोर स्टारच्या बसला वाटेत शिपायांनी अडवलं. एका मलायी शिपायानं डबा उघडला, वास घेतला आणि इंग्रजीत म्हणाला, "हे पुढे जाणार नाही."

"मग काय करायचं?" यांनी विचारलं.

"इथं खा, नाहीतर इथं टाका."

बेसनाचे लाडू टाकायचे कसे? आम्ही सबंध बसला वाटले. एका चिनी आजोबांनी एक खाल्ला, विचार केला आणि पुन्हा हात पुढे केला. शिपायालाही दिला. हे खळखळून हसत होते. मला त्या हसण्याचा राग आला. कसं हसू येतं यांना?

सीमा ओलांडून सयाममध्ये शिरलो. हाद याईला उतरलो आणि बसनं सोंगख्लाला गेलो. समुद्र आणि खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेलं जुनं गाव. चिनी व्यापाऱ्यांची कौलारू घरं, वाळत टाकलेली मासळी. तो वास नाकात शिरताच हे म्हणाले, "ठाण्याची खाडी आली." मी गाव पाहिलं, म्हणजे गावातून चालले. दुसऱ्या सकाळी मी पिशवी भरून बसची वाट पाहत होते.

नाखोन सी थम्मारात हे गाव तर त्याहून जुनं. तिथं एका वातमध्ये (मठ आणि देऊळ) उंचच उंच स्तूप आहे. त्याचा कळस सोन्यानं मढवलेला. बायका कमळाच्या कळ्या घेऊन गुडघ्यांवर बसलेल्या. एक म्हातारी मला खुणेनं बस म्हणाली. मी बसले आणि लगेच उठले. बसलं की छातीत काहीतरी वर येई.

फेत्चबुरीला ताडांची रानं. इथं ताडगूळ, नारळाचं दूध आणि अंडी घालून खरवसासारखी वडी भाजतात. यांना ती इतकी आवडली की ते म्हणाले, "दोन दिवस राहू या का? टेकडीवर राजवाडाही आहे."

"अंकोर राहील की मग."

"अगं, अंकोर कुठं पळून जातंय?"

"गाडी जातेय ना!" मी म्हणाले. माझा आवाज एवढा चढला की वडीवाली आमच्याकडे बघू लागली. यांनी वड्या पानात बांधून घेतल्या आणि स्टेशनाकडे चालू लागले.

बँकॉकला अंकोरच्या बाजूच्या गाडीची तिकिटं काढली. गाडी परवाची होती. मला तो एक दिवसही रिकामा नको होता, म्हणून आम्ही उत्तरेला अयुथ्याला निघालो. आपल्या अयोध्येचंच ते नाव. नद्यांनी वेढलेली जुनी राजधानी. स्टेशन अलीकडे, गाव पलीकडे, आणि मधे होडी. पलीकडे विटांचे मोठमोठे स्तूप कलंडलेले, बुद्धाच्या मूर्ती रांगेनं बसलेल्या, पुष्कळशांना डोकी नव्हती. पूर्वी ब्रह्मदेशच्या सैन्यानं हे शहर जाळलं म्हणतात. मी एका अवशेषाकडून दुसऱ्याकडे धावत होते. वळून पाहिलं तर हे मागं नव्हते.

ते धक्क्याच्या पायऱ्यांवर सापडले. भर उन्हात कुडकुडत होते. अंगाला हात लावला तर चटका बसला. ताप म्हटलं की मला दुसरं काही आठवतच नव्हतं.

मी मराठीत ओरडत होते, "अहो, कुणी डॉक्टर बोलवा हो!" माणसं जमली, पण कुणाला काही कळेना. तेवढ्यात डोक्याला मुंडासं बांधलेला एक माणूस दुधाच्या किटल्या खाली ठेवून पुढे आला.

"बहिनजी, आप हिंदुस्तान की हैं? घबराइए मत. उधर मेरा घर है."

त्यांचं नाव रामकिसुन. मूळचे गोरखपूरकडचे. म्हशी पाळून दूध विकायचे. त्यांनी आणि एका नावाड्यानं यांना उचलून होडीत घातलं. ख्लोंगच्या (कालव्याच्या) काठी लाकडी खांबांवर उभं असलेलं त्यांचं घर, खाली म्हशी. त्यांची सयामी बायको बुनमी हिनं एक शब्द न बोलता चटई अंथरली. सयामी डॉक्टर आले. हिवताप, म्हणाले. क्विनीन दिलं.

ताप उतरे, पुन्हा चढे. अंकोरची गाडी आमच्याशिवाय गेली, ते मला दुसऱ्या दिवशी आठवलं. मी यांच्या कपाळावर पट्ट्या ठेवायची. ते झोपले की उठून त्या लहानशा सज्ज्यात येरझारा घालायची. फळ्या करकरायच्या. बुनमीनं दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या सकाळी तिनं माझा हात धरला, होडीत बसवलं आणि एक वल्हं माझ्या हातात दिलं. दूध पोचवायला. मला वल्हवता येत नव्हतं. होडी गोल फिरली, एका खांबाला धडकली, आणि ती पोट धरून हसली. घराघरांच्या पायऱ्यांवर बायका भांडी घेऊन उभ्या असायच्या. एकीनं भात आणि नाम प्ला (माशाचं खारं पाणी) घातलेलं कालवण दिलं. मी ते होडीतच सगळं खाल्लं. कितीतरी दिवसांनी मला भूक लागली होती.

असेच आम्ही एकदा परतलो. बुनमी म्हशींकडे गेली. मी शिडी चढत होते, तोच वरून बोलणं ऐकू आलं. यांचा ताप उतरला होता. रामकिसुन त्यांना दूध देत होते.

"बाबूजी, बालबच्चे?"

मी शिडीवर थांबले. आता हे विषय बदलतील, असं मला वाटलं.

"एक था," हे म्हणाले. "मुकुंद. आठ महीने का."

मग ते बोलतच राहिले. मोडक्या हिंदीत, मधे मराठी मिसळत. "मैं ऑफिस से आता था ना, तो वो मेरी चप्पल का आवाज पहचानता था. पलट के पोट पे हो जाता था. रोज. उसकी माँ को मालूम नहीं, मैं रोज जानबूझ के चप्पल घासता था." मग ते म्हणाले, "अब हौले आता हूँ. बिना आवाज के."

पेला खाली ठेवल्याचा आवाज झाला.

मला पुढची पायरी चढता येईना. तो रोज दाराकडे तोंड करून पालथा व्हायचा, ते मी पाहिलं होतं. मला वाटे, उजेड बघतो. आणि हे दाराशी येऊन ठेपले तरी आताशा मला कळत नाही, हेही मला तेव्हाच जाणवलं.

मी वर गेले. रामकिसुन मला पाहून किटली उचलून खाली निघून गेले. मी यांच्या चटईशी बसले.

"ऐकलंस?" हे म्हणाले.

"हो."

"तुझ्यापुढे नाव काढायला भीती वाटायची. तू एवढी फिरत होतीस. वाटायचं, मी बोललो तर तू पडशील."

"मला वाटायचं, तुम्ही विसरलात."

त्यांनी नुसती मान हलवली. मग आम्ही दोघंही रडलो. सज्ज्याखालून होड्या जात होत्या, म्हशी डुंबत होत्या. मी दुपारभर तिथून उठले नाही.

आठवडाभरात हे चालू लागले. रामकिसुननी विचारलं, "अब अंकोर?" आमची रजा संपत आली होती, तरी घाईघाईनं जाऊन येता आलं असतं. हे माझ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, "चार दिवस इथंच राहू. तुम्ही गाव कुठं पाहिलंय?" मग रोज सकाळी दूध पोचवून झालं की आम्ही हळूहळू स्तूपांमधून फिरायचो. दमले की हे सावलीत बसत, आणि मीही बसे. निघताना बुनमीनं मला मिठी मारली. आमची एकही भाषा सारखी नव्हती.

आम्ही आल्या वाटेनं परतलो. पिनांग, बोट, मद्रास, कल्याण. डोंबिवलीत उतरलो तेव्हा थंडी सरत आली होती. शेजारपाजारचे चौकशीला आले. "मग, अंकोर कसं आहे हो?" या प्रश्नाला मी "पाहिलं नाही" म्हणाले की लोक हळहळत. एवढ्या लांब जाऊन! मलाही हळहळ वाटते. ते चित्रातलं देऊळ माझ्यासाठी चित्रातच राहिलं.

प्रवासानं माझं मन शांत झालं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. परतल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी मला पुन्हा घरात बसवेना. स्वयंपाक टाकून मी दाराशी गेले. यांनी पुस्तक मिटलं.

"थांब, मीही येतो."

आम्ही मानपाड्याच्या रस्त्यानं निघालो. दोन्ही बाजूंना भाताची कापलेली शेतं होती, कुठं कुठं शेतकऱ्यांनी जमीन भाजायला पालापाचोळ्याचे राब जाळायला घेतले होते, त्यांचा धूर जमिनीलगत पसरला होता. वस्ती मागं पडली. हे म्हणाले, "मुकुंदाला पहिला दात आला, तेव्हा तू मला कचेरीत निरोप धाडला होतास. आठवतं?"

"आणि तुम्ही तो साहेबांना वाचून दाखवलात."

"साहेबांनी पेढे मागितले."

अंधार पडेपर्यंत आम्ही चालत राहिलो. घरी आलो तेव्हा चूल विझली होती. मी ती पुन्हा पेटवली.