मिस्त्रींच्या मशीनवरची टिक

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. फौंड्रीचा सर्व्हर बसला तेव्हा मिस्त्रींची ड्रॉइंगं गेली, ती नशिबामुळं नव्हे. ती माझ्या हातानं गेली.

आमच्या एकाच सर्व्हरच्या पोटात सात मशिनं, म्हणजे सात कॉम्प्युटरच चालायचे, नुसते सॉफ्टवेअरनं उभे केलेले. हात लावायला काही नाही. गार खोलीत त्या घुमण्याशेजारी बसलं की वाटायचं, सात माणसं एका पांघरुणात झोपलीत आणि मी राखण करतोय. सातव्यात पॅटर्न मिस्त्रींची ड्रॉइंगं होती. ओतकामाआधी लाकडाचा नमुना करावा लागतो, त्याची. कागदांना वाळवी लागली म्हणून तीस वर्षांचं काम त्यांनी स्वतः तिथं उतरवलेलं.

बॅकअपचं सॉफ्टवेअर मी निवडायचं होतं. दोन चालवून बघितली. एक किचकट, पण आठवड्याला एखादं मशीन बॅकअपमधून खरोखर परत उभं करून दाखवायचं. दुसरं रोज सकाळी मालकांच्या मोबाइलवर हिरवी खूण पाठवायचं.

"हेच घ्या की," मालक म्हणाले. "चहासंगट हिरवं दिसलं की माणूस निवांत."

मीही निवांत झालो. फक्त सातवं मशीन जुनं. त्याचा बॅकअप तीन-चार खेपांनी व्हायचा, पण व्हायचा. खूण मात्र पिवळी यायची. लगेच मालकांचा फोन, "आज परत हळद लागली काय वो?" नवव्या दिवशी मी बॅकअपच्या यादीतली त्याची टिक काढून टाकली, म्हणजे त्याचा बॅकअपच बंद. पुढं बघू, म्हटलं. जुन्या प्रती महिन्याभरात आपोआप पुसल्या गेल्या. उसाच्या फडात शिरल्यागत त्या हिरव्यात मी दीड वर्ष हरवलो.

मग सर्व्हरच्या डिस्क गेल्या. सहा मशिनं दुपारपर्यंत उठली, मालकांनी पाठ थोपटली. सातव्याबद्दल मी म्हणालो, "जुनं होतं, त्याचा बॅकअप होत नव्हता." कुणी बंद केला, ते बोललो नाही.

मिस्त्री दारातच होते, मिशांवर सागवानाचा भुसा. "जाऊ द्या की सायब. लाकडं हायत न्हवं अजून? मोजून परत काढतो. तुमी हुता म्हणून बाकीचं तरी वाचलं."

निवृत्ती वर्षभर पुढं ढकलून त्यांनी एकेक नमुना मोजला. उन्हाच्या तिरिपेत भुसा तरंगत असायचा, खाली यायचं विसरल्यासारखा. सांगायचं ठरवून मी चहा घेऊन जायचो.

"बसा की. पावण्यागत उभं काय ऱ्हायलाय?"

मी कप ठेवून परत यायचो. काही नमुने कधीच मोडीत गेले होते. त्यांच्या जागी मिस्त्रींनी फाइलीत कोरे कागद लावले.

आता ते पेठ वडगावला असतात. तिथली एसटी समोरून गेली की मी दुसरीकडं बघतो.

खूण हिरवी दिसावी म्हणून तुमच्या मशीनवरची टिक मी काढली, एवढं त्यांच्यासमोर बसून सांगण्याचं देणं मी अजून लागतो.