सौंसरच्या बागेतलं शेपटीवालं पाखरू

“पांढरंशुभ्र पाखरू हाये, अन् शेपटी हातभर. रोज दुपारी बागेत आंघोळ करते. तू कॅमेरा घेऊन येजो.” मे महिन्याच्या ऐन उन्हात मावशीचा फोन आला. मागून तिच्या नवऱ्याचं, म्हणजे आमच्या काकाजींचं, हसणं ऐकू येत होतं. “ऊन लागलं हिले!”

गेली दोन वर्षं मी नागपूरहून सौंसरजवळच्या त्यांच्या संत्राबागेत पक्ष्यांचे फोटो काढायला जाते. माघात संत्र्याच्या फुलांवर शिंजीर, पावसाळ्यात विहिरीवर सुगरणींची घरटी, थंडीत तारेवर नीलपंख. उन्हाळ्यात मात्र कधी फिरकले नव्हते. आणि हातभर शेपटी म्हणजे स्वर्गीय नर्तक, दुसरं काही असूच शकत नाही! मावशी तीन वर्षांपासून हे पाखरू पाहतेय आणि तीन वर्षांपासून घरात तिची टिंगल चाललीय. मीही हसेन म्हणून मला आजवर बोलली नव्हती. “यंदा फोटू नाही निघाला तं मी त्याचं नावच नाही काढत,” ती म्हणाली. मग काय, जाणं भागच होतं.

पहाटे पाचला स्कूटर काढली. सावनेरपर्यंत गार वारा आणि मोकळा रस्ता. बोरगावला गरम आलूबोंडा खाल्ला, वर झणझणीत तर्री. पोटात जागा ठेवूनच निघा. उन्हाळ्यात जाणार असाल तर आठच्या आत सौंसर गाठा, तोंडाला दुपट्टा बांधा आणि पाण्याच्या दोन बाटल्या बरोबर घ्या.

बाग ओळखू येईना! बुंध्यांना बुरशी लागू नये म्हणून निळसर बोर्डो मलम फासलेलं, झाडांभोवतीची आळी साफ, ठिबकच्या नळ्या सरळ रेषेत. कॅमेरा येणार म्हणून काकाजी चार दिवस राबत होते. “फोटूत बाग कशी दिसली पाह्यजे! आपलं नाव हाये मोहगावपर्यंत,” ते म्हणाले.

दुपारभर आम्ही दोघी आंब्याखाली खाटेवर बसलो. बुलबुल आले, चोची वासून इकडेतिकडे पाहून उडून गेले. नर्तकाचा पत्ता नाही. तीनला काकाजी ताक घेऊन आले. “आलं का तुयं विमान?” मावशी खाटेची दोरी उसवत बसली. एकाला चार ऐकवणारी बाई अशी मान खाली घालून बसलेली मला बघवेना.

“मावशी, ते आंघोळ नेमकी कुठे करतं?” मी विचारलं.

“इथंच व माय, या वॉलपाशी. गळून गळून डबकं रायते ना.”

डबकं कुठेच नव्हतं. जमीन ठणठणीत कोरडी. ठिबकच्या वॉलवर, म्हणजे पाण्याच्या व्हॉल्व्हवर, सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधलेली.

“मीनंच बांधली काल,” काकाजी म्हणाले. “गळका वॉल फोटूत आला असता तं लोक काय म्हणले असते?”

मावशी ताडकन उठली. “तीन सालापासून म्हणून राहिली वॉल बांधा, वॉल बांधा! तवा नाही बांधला, अन् आता बांधला?”

मला हसू आवरेना. काकाजी मात्र ओशाळले. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी स्वतःच्या हाताने पट्टी सोडली, “पाणी वाया चाललं” म्हणत पुटपुटले आणि त्या पाण्यावर नजर ठेवायला आमच्याच खाटेच्या टोकाला बसले.

आधी बुलबुल आले. मग दयाळ. बाराच्या सुमाराला आंब्यातून एक पांढरी फीत सुटली, डबक्यावर टेकली, पुन्हा वर गेली, पुन्हा टेकली. (पांढरा पक्षी सावलीत टिपताना उजेड थोडा कमी ठेवा, नाहीतर पिसं कोरी दिसतात.) मी भराभर बटण दाबत सुटले. शेजारून आवाज आला, “अरे बाप्पा!” काकाजींचा ताकाचा पेला तिरपा झाला होता, ताक धोतरावर सांडत होतं आणि त्यांना त्याची शुद्धच नव्हती. मी कॅमेरा वळवला. मावशी पाखराकडे बघतच नव्हती. ती काकाजींकडे बघत होती, तोंडाला पदर लावून, पोट धरून हसत. इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी मुद्दाम लांबच्या रस्त्याने, पांढुर्ण्याकडून परतले. तिगावजवळ कोवळ्या उन्हात नांगरलेली काळी शेतं, मागे टेकड्या, मधून सावकाश जाणारी मालगाडी. तासभर तिथेच रमले. पांढुर्ण्यात चहा घेतला आणि ऊन चढायच्या आत नागपूरचा रस्ता धरला.

घरी फोटो मोठे करून पाहिले. नर्तक सुरेख आलाय, शेपटीच्या टोकापर्यंत. पण मी परत परत उघडते तो हसणाऱ्या मावशीचा. नर्तकाचा फोटो चौकट करून पाठवते, असं सांगायला तिला फोन लावला.

“मले कायले? मी तं पाखरू पाहिलंच हाये,” ती म्हणाली. “फोटू यायले पाठव, तुया काकाजीले. चौकात साऱ्यायले सांगून राहिले, अन् कोणी मानूनच नाही राहिलं!”