कात्रीबाईंचा ड्रमसेट

कारखान्यात त्यांना कात्रीबाई म्हणत. कात्री हातात क्वचितच असायची, बहुतेक वेळ ती तोंडात असायची. सव्वीस वर्षं त्यांनी शर्टाच्या कॉलरी शिवल्या. लांबलचक खोलीत चाळीस मशिनी, दोन्ही भिंतींकडे वीस-वीस. सुपरवायझर मधून फिरू लागला की सगळ्या जणी माना खाली घालत आणि कात्रीबाई मान वर करून विचारत, "साहेब, पंखा याच जन्मात दुरुस्त होणार ना?" जेवणाच्या सुट्टीत त्या कापडकटाईच्या टेबलावर दोन लाकडी पट्ट्या घेऊन बडवायला बसत. डबे बाजूला सारून बायका ऐकत. काही जणींना कामाचा दिवस तेवढ्या वीस मिनिटांसाठीच बरा वाटायचा, असं त्या पुढे सांगत.

मग कारखाना बंद झाला. कात्रीबाई घरी आल्या, पण त्यांचा उजवा पाय काही घरी आला नाही. जेवताना हलायचा, बातम्या बघताना हलायचा. नवरा औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा राहायचा, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीवर गोळी आठवायची.

"अगं, डॉक्टरांना दाखवू या का?"

"पायाला काही झालेलं नाही हो. त्याला काम हवंय."

आणि काम त्यांनी शोधलं. चोपन्नाव्या वर्षी ड्रमच्या क्लासात नाव घातलं. नणंदेला कळलं तेव्हा तिने फोनवर दोनदा विचारलं, "ड्रम म्हणजे पाण्याचा का?" शेजारणीने विचारलं, "भजनाचा क्लास का नाही लावला?" त्यांनी सांगितलं, "देवाला माझा आवाज माहीत आहे, म्हणून."

क्लासातला सर त्यांच्या निम्म्या वयाचा, पण शिकवायला पक्का. हातांवर तो खूश होता. पायाचं मात्र त्याला कळेना. दर चार ओळींनी एकदा त्यांचा पायाचा ठोका उशिरा पडायचा, आणि दर वेळी नेमका त्याच जागी. महिनाभर त्याने डोकं खाजवलं. शेवटी एकदा जमिनीवर पालथं पडून तो त्यांच्या पायाकडे बघत राहिला.

"काकू, प्रत्येक तुकडा संपला की तुम्ही टाच जोरात मागे का दाबता?"

कात्रीबाईंनी स्वतःच्या पायाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. घोडं कुठे पेंड खात होतं ते आता कळलं. कारखान्यातल्या मशिनीला पंजा पुढे दाबला की शिवण चाले आणि टाच मागे दाबली की धागा कापला जाई. सव्वीस वर्षं, दिवसाला हजार वेळा. "अहो सर," त्या म्हणाल्या, "मी धागा कापतेय!"

सर हसला, पण नंतर गंभीर होऊन बोलला. क्लासातल्या मोठ्या माणसांचा एक बँड उभा राहत होता. गिटारवर एक पोस्टमन, कीबोर्डवर दातांची डॉक्टरीण, गायला एक लिफ्टवाला. ड्रमवर कुणी नव्हतं. "जागा तुमची होऊ शकते. पण आठवड्यातून एका तासात ही टाच सुटायची नाही. घरी रोज वाजवा. दोन महिन्यांनी मी बघणार. नाही जमलं तर दुसऱ्या कुणाला बसवावं लागेल."

कात्रीबाईंना ती जागा हवी होती. इतकी हवी होती की त्या दिवशी घरी येईपर्यंत त्या कुणाशी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि हे त्यांच्या बाबतीत आजारपणाचं लक्षण होतं.

अडचण खालच्या मजल्यावर राहायची. तिचं नाव घड्याळकाका. हातातली घड्याळं दुरुस्त करणारा जुना कारागीर. दुकान विकून आता घरीच काम करायचा, आणि त्याचं टेबल नेमकं कात्रीबाईंच्या बाहेरच्या खोलीखाली. शिवाय इमारतीच्या समितीचा अध्यक्षही तोच. बातमी कानावर जाताच तो वर आला.

"वहिनी, माझ्या टेबलावर केसाहून बारीक स्प्रिंगा असतात. वर काही हललं तर खाली हललंच समजा. एक ठोका जरी जाणवला तरी मी समितीत विषय घेईन."

"आणि नाही जाणवला तर?"

"तर खुशाल वाजवा," काका म्हणाला. तसं होणार नाही याची त्याला खात्री होती.

नवऱ्याने मधला मार्ग सुचवला: एक गोल रबराची चकती आणून तिच्यावर काड्या आपटायच्या. सुंठेवाचून खोकला जाईल अशी त्याला आशा होती. "पायाचं काय करू?" कात्रीबाईंनी विचारलं. "पाय तुमच्या डोक्यावर आपटू?" नवरा पेपर वाचू लागला.

वाद्यांचं दुकान चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. विक्रेत्याने त्यांना पाहताच गुंडाळून ठेवता येणारा रबरी ड्रम काढला. "नातवंडासाठी ना? एकदम बेस्ट."

"नातवंड अजून झालं नाही. माझ्यासाठी दाखवा. घरात सरावाला, छोट्या खोलीत बसेल असा, इलेक्ट्रॉनिक."

मग त्याने दोन सेट दाखवले. दोन्ही घडी करून भिंतीला टेकवता येत, दोन्हींना हेडफोन लागत. पहिल्याला रबराचे पॅड. पायासाठी नुसती एक सपाट पट्टी, दाबली की मशिनीत आवाज व्हायचा, बाहेर काहीच आपटायचं नाही. दुसऱ्याला जाळीचे पॅड, आणि पायाला खरोखरचं पेडल, दाबलं की छोटा हातोडा समोरच्या उभ्या पॅडवर जाऊन बसायचा.

"हेडफोन लावा, मॅडम. फरक कळेल."

"हेडफोन तुम्ही लावा आणि वाजवा," कात्रीबाई म्हणाल्या. "मी खाली जाते."

विक्रेत्याने आजवर गिऱ्हाइकं पुष्कळ पाहिली होती, पण ड्रम पसंत करायला चपलांच्या दुकानात जाऊन बसणारी ही पहिलीच. कात्रीबाई स्टुलावर बसल्या, एक हात खांबावर ठेवला आणि छताकडे बघू लागल्या. चपलावाल्याने विचारलं, "कितीचं माप, ताई?" त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. तोही छताकडे बघू लागला. मग त्या जिन्याच्या तोंडाशी जाऊन ओरडल्या, "हात नको! नुसता पाय वाजवा!"

पहिल्या सेटचं काहीच कळलं नाही. दुसऱ्याचा प्रत्येक ठोका खांबातून थेट तळहातात उतरला.

म्हणजे पहिला घ्यायचा, उघड होतं. कात्रीबाई वर येऊन त्यावर बसल्या. चार ओळी वाजवल्या, टाच सवयीने मागे गेली, आणि ती सपाट पट्टी फरशीवरून सुळकन मागे सरकली. परत पुढे ओढली, परत सरकली. विक्रेता म्हणाला, "हळू दाबा ना." त्यांनी हळू दाबून पाहिलं. हळू वाजवायला त्या आल्या नव्हत्या. दुसऱ्या सेटचं पेडल पॅडला घट्ट बांधलेलं होतं. टाच मागे गेली तरी ते जागचं हलेना, आणि परत येणारा हातोडा पायाला स्पष्ट सांगायचा की तू चुकलास. अशा पेडलावरच टाच सुटणार होती.

"हा द्या," त्या म्हणाल्या.

"पण मॅडम, खाली आवाज..."

"खालचं मी बघते."

आता खालचं बघायचं म्हणजे काय, हे त्यांना कारखान्याने शिकवलं होतं. चाळीस मशिनी एका मजल्यावर धडधडत आणि खालच्या मजल्यावर मालक निवांत फोनवर बोलत असे, कारण प्रत्येक मशिनीच्या पायाखाली रबर आणि नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाची, गादी असे. कात्रीबाईंनी गॅरेजमधून ट्रकच्या टायरच्या जुन्या ट्यूब आणल्या, एका ओळखीच्या गोदामातून नमदा आणला. नमदा, रबर, कापूस, परत नमदा, असे सात थर. घरातल्या मशिनीच्या सुया पटापट मोडल्या, तेव्हा दाभण घेऊन हातानेच शिवायला बसल्या. आठ दिवसांत बोटांची चाळण झाली. नवरा रोज दुकानातून जखमेच्या चिकटपट्ट्या आणून द्यायचा आणि रोज म्हणायचा, "त्यांच्या स्प्रिंगांसाठी एवढं?"

"त्याच्या पोटावर पाय द्यायचा नाही मला," त्या म्हणायच्या. "कारागीर आहे तो. मलाही कळतं काम काय असतं."

चटई झाली चार बोटं जाड. रविवारी सकाळी परीक्षा ठरली. खाली काकाने काचेच्या तबकडीत स्प्रिंगा आणि राईहून बारीक स्क्रू मांडले, डोळ्याला भिंग लावलं. साक्षीदार म्हणून नवरा शेजारी बसला. वर कात्रीबाईंनी हेडफोन लावले आणि पंचवीस मिनिटं वाजवलं. हात, पाय, सगळं, जीव खाऊन. टाच तीनदाच मागे गेली. वाजवता वाजवता त्यांना रडू आलं, ते त्यांनी येऊ दिलं, कारण बघायला कुणी नव्हतं.

दोघे वर आले तेव्हा त्या घामाने भिजल्या होत्या.

"हललं?"

नवरा म्हणाला, "एक स्क्रू हलला नाही." औषधाच्या दुकानात तो जसा मापून बोलायचा तसंच बोलला, पण काकाकडे बघून बोलला.

"हललं नाही, खरं आहे," काका घसा साफ करत म्हणाला. "पण वहिनी, प्रश्न तेवढाच नाही. जिन्यावरून येणारे-जाणारे खिडकीतून बघणार. बाईमाणसाने या वयात असं पाय फाकून बसायचं, घाम गाळत बडवायचं... बरं नाही दिसत. समितीत लोक विचारणार."

पोटातलं ओठावर आलं एकदाचं. कात्रीबाईंनी हेडफोन गळ्यात उतरवले.

"मग पहिल्या दिवशीच सांगायचं होतंत. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवलंत? मी आठ दिवस तुमच्या स्प्रिंगांची काळजी करत बसले."

"भाऊसाहेब, तुम्ही तरी समजवा यांना," काका नवऱ्याकडे वळला.

"मी खाली काय बघायला गेलो होतो?" नवरा म्हणाला. "स्क्रू. ते हलले नाहीत. यापुढचं मला काही दिसत नाही."

कात्रीबाई खाली बसल्या. सेट एका बाजूने उचलून धरायला त्यांनी नवऱ्याला खूण केली, चटई ओढून काढली आणि गुंडाळून काकाच्या हातात दिली. वजनाने तो थोडा वाकला.

"ही घ्या. तुमच्यासाठीच शिवली होती, तुमच्याच टेबलाखाली घाला. आणि खिडकीतून बघणाऱ्यांना सांगा, रोज संध्याकाळी सहा ते सात. जिन्यावर उभं राहून पाय दुखत असतील तर आत येऊन बसा म्हणावं."

मग त्या उघड्या फरशीवर ठेवलेल्या सेटमागे बसल्या, पाय हवे तेवढे फाकून, हेडफोन लावले, आणि काका काय बोलत होता ते त्यांना ऐकू आलं नाही.

समितीत विषय निघाला. कात्रीबाईंनी उभं राहून विचारलं, "कुणाकुणाला मी खिडकीतून दिसते? हात वर करा." एकही हात वर झाला नाही, आणि विषय तिथेच संपला. दोन महिन्यांनी सर आला, पालथं न पडता त्याने ऐकलं आणि पोस्टमनला फोन करून तालमीचा वार विचारला. चटई काही परत आली नाही. नवरा घड्याळाचा पट्टा बदलायला खाली गेला, तेव्हा त्याने ती पाहिली. चार तुकडे करून, नीट कापून, टेबलाच्या चारही पायांखाली घातलेली होती.