पडकी घरं उठवणाऱ्या इंदूताई

सकाळी भाजी निवडत बसले होते तेव्हा वाशिंदहून फोन आला. अनोळखी नंबर होता. पलीकडचा माणूस म्हणाला, "तुम्ही मुरबाडच्या बाई का? सामान आत आहे, खोलीची चावी कुणाकडे द्यायची, तेवढं सांगा." मला काही उमगेना. कसली खोली, कसली चावी, असं विचारल्यावर तो म्हणाला, "म्हणजे तुम्हाला कुणी कळवलंच नाही का... ताई गेल्या पहाटे." इंदूताईंच्या भाडेकरारावर साक्षीदार म्हणून माझी सही होती, खाली माझा नंबर होता. त्या घरमालकाने तो शोधून काढून फोन केला होता. ज्या बाईने उभ्या आयुष्यात कितीतरी घरं विकत घेतली, त्यांतली पडकी उभी केली, माणसांना राहायला दिली, त्या बाईच्या मरणाची बातमी मला अशी एका घरमालकाकडून कळली. आज महिना होत आला, तरी तो चावीचा प्रश्न कानातून जात नाही.

आमची ओळखही भाड्याच्या खोलीतूनच झालेली. शहापूर तालुक्यातल्या शाळेवर माझी बदली झाली तेव्हा मी लहान मुलाला घेऊन एकटी होते. नवरा दूर नोकरीला. एकट्या बाईला खोली द्यायला कुणी तयार होईना. "साहेब कधी येणार?" हा पहिला प्रश्न आणि "मग साहेब आले की बघू" हे उत्तर. शेवटी कुणीतरी बाजारामागच्या एका घराचा पत्ता दिला. तिथे एक सावळी, रुंद हाताची बाई ओट्यावर बसून चुना कालवत होती. तिने माझ्या नवऱ्याबद्दल काहीच विचारलं नाही. उठली, मला आत नेलं आणि म्हणाली, "पाणी सकालचंच येतं, दिवसभराचं तेवाच भरायचं. या मागच्या भिंतीला ओल हाय, कपाट तिथं लावू नका. आधीच सांगते, मागनं भांडण नको." स्वतःच्या घरातले दोष स्वतः दाखवणारी घरमालकीण मी तोवर पाहिली नव्हती, नंतरही नाही.

इंदूताई मूळच्या वैशाखरे गावाच्या बाजूच्या, भातशेती करणाऱ्या घरातल्या. नवरा वाशिंदच्या कारखान्यात होता. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती तेव्हा तो गेला. मूलबाळ नव्हतं. कारखान्याकडून जे आलं ते दिराने शेतात घाल म्हटलं, भावाने बँकेत ठेव म्हटलं. इंदूताईंनी शहापुरातलं एक पडकं घर घेतलं, कौलं खाली आलेली, मागची भिंत वाकलेली. सगळे म्हणाले, बाईचं डोकं फिरलं. त्या त्याच घरात ताडपत्री बांधून राहिल्या, गवंड्याच्या हाताखाली स्वतः माल कालवला, आणि वर्षभराने ते घर चांगल्या माणसाला विकलं. त्यातून दुसरं. पडकं घर घेऊन उभं करणं याला त्यांचा शब्द होता 'घर उठवणं'. "पडलेल्याला उठवायचं, बाई. बांधायचं नाय. बांधनारे लय हायत."

पुढे माझी बदली झाली, मी मुरबाडला स्थायिक झाले, पण भेटी चालू राहिल्या. घर बघायला निघाल्या की मला सोबत नेत. त्यांच्याबरोबर जीपमधून गावोगाव हिंडताना मी जे शिकले ते कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. घर श्रावणात बघायचं, कारण चैत्रात कुठलंही घर कोरडंच दिसतं. विकणाऱ्याला काही विचारू नये, शेजारणीला विचारावं. कागद बघताना आधी विकणाऱ्याच्या बहिणींची नावं बघायची, त्यांच्या सह्या नसतील तर घर कितीही स्वस्त असलं तरी मागे फिरायचं. विकायच्या घराला गुळगुळीत फरशी घालण्यात खर्च करू नये, छपरात आणि पाण्याच्या नळीत करावा. भाड्याने द्यायचं तर करार नोंदवूनच, पोलिसात भाडेकरूची माहिती देऊनच, मग समोरचा देवमाणूस का असेना. रिकामं घर कुलूप लावून ठेवू नये, वाळवी माणसापेक्षा लवकर राहायला येते. सगळं एकाच घरात घालू नये. आणि नातलगाला घर देऊ नये. हे शेवटचं त्या फार ठासून सांगत. "परक्याला 'निघ' म्हणता येतं. आपल्याला म्हणता येत नाय, मग आपनच निघावं लागतं."

त्यांच्यातला व्यवहार असा रोखठोक होता, पण एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. मुरबाडला त्यांच्या दोन-तीन खोल्या होत्या. एका खोलीत डोंगराकडच्या पाड्यावरून मजुरीला आलेलं कुटुंब राहायचं. त्या माणसाचा म्हातारा बाप अंथरुणाला खिळला आणि अखेरच्या घटका मोजू लागला. मी तिथेच होते. तो माणूस हात जोडून इंदूताईंना म्हणाला, "ताई, बापाला बाहेर पडवीत घेतो. खोलीत गेला तर तुमची खोली कोन घेनार नाय." इंदूताई म्हणाल्या, "मानूस घरातच जायचा. पडवीत काय मरायची जागा हाय?" म्हातारा खोलीतच गेला. कुटुंब पुढे गावी परतलं आणि झालं तेच जे त्याने सांगितलं होतं, खोली कुणी घेईना. तेव्हा इंदूताईंनी आपला स्टोव्ह, अंथरूण उचललं आणि त्या स्वतः त्या खोलीत राहायला गेल्या. सबंध पावसाळा राहिल्या. आजूबाजूच्या बायकांना बोलावून तिथे गप्पा मारल्या, चहा केला, मुलांना खेळू दिलं. दिवाळीच्या सुमारास एका नव्या जोडप्याने ती खोली आनंदाने घेतली.

वय झालं तशा त्या थकल्या. चुन्या-सिमेंटची धूळ इतकी वर्षं छातीत गेलेली, जिना चढताना दम लागायचा. तेव्हा पहिल्यांदाच त्यांनी विकण्यासाठी नव्हे, राहण्यासाठी घर घ्यायचं ठरवलं. वाशिंदला, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, एक जुनं बैठं घर. मुरबाडच्या सगळ्या खोल्या विकून त्यांनी ते उठवलं. मी म्हटलं, "इंदूताई, सगळं एकाच घरात?" त्या हसल्या. "आता अजून कितीसं फिरायचं, बाई? एकदा तरी दाराला आपल्या नावाची पाटी लावते."

पाटी लागायच्या आत संदेश आला. संदेश म्हणजे त्यांच्या दिराचा मुलगा, कल्याणला नोकरी करणारा. त्याचं लग्न ठरत होतं आणि मुलीकडच्यांची एकच अट होती, मुलाचं वाशिंदमध्ये घर हवं. "काकी, लग्नापुरतं. मग मी दुसरं बघतो." इंदूताईंनी करार केला नाही. विजेचं मीटर त्याच्या नावावर व्हायला संमती दिली, घरपट्टीही त्याच्या नावाने भरली जाऊ लागली. स्वतः स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला भाड्याची खोली घेतली. तिचा करार मात्र हट्टाने नोंदवून घेतला, तेव्हाच माझी सही झाली. नातलगाला घर देऊ नये, हे त्यांचंच वाक्य मी त्यांना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "त्याचे वडील मला एकदा 'डोकं फिरलं' बोलले होते. त्याचाच पोरगा 'काकी' म्हनत दारात आला. नाय कसं म्हनू?"

लग्न झालं, बाळ झालं. 'दुसरं घर' कुणी बघितलं नाही. आजार वाढला तेव्हा इंदूताई संदेशकडे गेल्या आणि म्हणाल्या, आता मला घर लागेल. संदेश म्हणाला, "काकी, या ना. घर तुमचंच आहे, मी काय परका आहे का?" त्या राहायला गेल्याही. मागच्या पडवीत खाट टाकून दिली होती. रात्रभर खोकला यायचा, बाळ उठायचं, सून काही न बोलता बाळाला घेऊन पुढच्या खोलीत जायची. कुणी वाईट बोललं नाही. म्हणून तर इंदूताईंना भांडायला काही मिळालंच नाही. थोड्याच दिवसांत पिशवी घेऊन त्या भाड्याच्या खोलीवर परत आल्या. मी त्यांना माझ्या घरी यायला किती विनवलं. "ओळखीच्या घरात भाड्यानं ऱ्हाऊ नये बाई, फुकट तर नायच नाय."

मीच त्यांना शहापूरला वकिलाकडे घेऊन गेले. वकिलांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, घर मिळेल, पण वर्षं जातील. इंदूताईंनी विचारलं, "माज्याकडं हायत का तेवडी?" वकील कागद खाली-वर करू लागले. बाहेर एसटीची वाट बघताना त्या म्हणाल्या, "जाऊ दे. जिंकले तर त्या बालाला रस्त्यावर काढायचं ना? ते मला नाय जमनार." जगात जिथे जिथे न्याय असतो म्हणतात, तिथे तिथे रस्ता इतका लांब का असतो, एवढंच माझ्या मनात येत होतं.

शेवटच्या भेटीत मी गेले तेव्हा घरमालक येऊन गेला होता. दारातच उभा राहून, आत न येता, तो म्हणाला होता, "राग मानू नका ताई, पण करार संपतोय. पावसाच्या आधी दुसरीकडे बघितलंत तर बरं." आजारी माणूस खोलीत गेलं तर ती पुढे भाड्याने जात नाही, हे तो बोलला नव्हता आणि बोलायची गरजही नव्हती. मी चिडले. इंदूताई भिंतीला टेकून, एकेक शब्द ओढत म्हणाल्या, "त्याचं बरोबर हाय, बाई. त्याचं पोट हाय त्या खोलीवर." मग माझ्या मुलाची चौकशी केली. तो वाशिंदच्या नव्या इमारतीत फ्लॅट बघतोय असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "जाहिरातीचे रंगीत कागद बघू नका, पान्याची टाकी बघा. आनि..." दम लागला, थांबल्या, "...तुमच्या नावावर ठेवा." मी मान डोलावली. तेच आमचं शेवटचं बोलणं.

अग्नी संदेशने दिला. तो रडला, आणि ते रडणं खोटं नव्हतं, हे मला लिहायला हवं. दहावा, तेरावा सगळं त्या घरात झालं. पुढच्या खोलीत, त्यांनी स्वतः गिलावा केलेल्या भिंतीवर, त्यांचा फोटो लावलाय, हार घातलाय. आलेली माणसं घर बघत होती. "काकींनी काय सुंदर घर केलंय," म्हणत होती. जिवंत असताना ज्या घरात खोकायला जागा झाली नाही, त्याच घरात आता फोटोला जागा झाली होती.

तेराव्यानंतर मी चावी परत द्यायला आणि त्यांचं सामान उचलायला खोलीवर गेले. सामान म्हणजे दोन पातळं, स्टोव्ह, थोडी भांडी. खाट हलवली तेव्हा खिडकीखालच्या भिंतीचा गिलावा नवा दिसला. शेजारीण म्हणाली, "जायच्या आधी चार-पाच दिवस असंल. भिंत सुटली होती. मला सिमेंट आनायला लावलं. थापी हातात धरवंना, म्हनून बसून बसून हातानंच लिंपलं. मी बोलले, काकी, तुमाला खोली सोडायची हाय, कशाला? तर बोलल्या, पुढच्या मानसाला ओल लागंल." त्या गिलाव्यावर चार बोटांच्या रेघा होत्या, खिडकीपासून खाली जमिनीपर्यंत, मध्येमध्ये तुटलेल्या. जिथे दम लागला असेल, तिथे.

घरमालक माझ्या मागे येऊन उभा राहिला. थोडा संकोचून म्हणाला, "घासून सारखं करून घेतो. वर रंग मारला की कळणार पण नाही." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार... खोली त्याची होती. मी वाकून त्या रेघांवर माझी बोटं ठेवून पाहिली. बसेनात. इंदूताईंची बोटं रुंद होती. मालकाने दाराबाहेर थांबलेल्या रंगाऱ्याला आत बोलावलं, आणि मी पिशवी उचलून त्यांना वाट करून दिली.