चहाला कोण खाणं म्हणतं?

जाफराबादच्या स्टँडवर सकाळी घड्याळ पाहायची गरज नसायची. "ए टेंभुर्णीऽऽ, जालनाऽऽ! चला, एकच शीट!" अशी कडूबाकाकांची आरोळी आली की सात वाजले समजायचं. त्यांच्या काळीपिवळी जीपमध्ये चिटपाखरू नसलं, तरी त्यांचं 'एकच शीट' बाकी असायचं. आरोळी समोरच्या आमच्या लॅबच्या काचेवर येऊन आदळायची आणि मी शटर वर करायचे. तीन वर्षांपासून मी तिथे रक्त तपासते.

गेल्या दिवाळीनंतर ही आरोळी बसत गेली. आधी घोगरी झाली, मग खरखरली. संक्रांतीपर्यंत काका सवारीच्या कानात गुपित सांगावं तसं 'टेंभुर्णी' म्हणू लागले. मार्चच्या उन्हात अंगात स्वेटर. तोंड सुजल्यासारखं. पाच मिनिटं रिकामी मिळाली की डोकं स्टेअरिंगवर.

स्टँडवर निदान करणाऱ्यांना तोटा नव्हता. चहावाला कल्याण म्हणायचा, "वय झालं." पुढच्या नंबरची जीप चालवणारा मच्छिंद्र म्हणायचा, "वय न्हाई, साधनावहिनीच्या हातचं जास्त झालं. पोट बघा की पोट!"

मग ते हॉर्नचं प्रकरण झालं. टेंभुर्णीला एक सवारी उतरवायला काकांनी जीप थांबवली आणि हॉर्न वाजायला लागला तो थांबेचना. समोर म्हैस उभी होती, तिच्यावर काका चिडले असं सगळ्यांना वाटलं. म्हैस बिचारी निघून गेली. हॉर्न चालूच. शेवटी मागे बसलेल्या बद्रीनाथ गुरुजींनी वाकून पाहिलं, तर काका हॉर्नवर कपाळ टेकून घोरत होते.

ही बातमी साधनाकाकूंपर्यंत जीपच्या आधी पोचली. त्या संध्याकाळी त्यांनी काकांच्या खिशातून चावी काढली आणि पदराच्या टोकाला गाठ मारली.

"गाडी उभी व्हती म्हणून निभावलं. चालती असती तर? तब्येत बराबर होईस्तोवर चावी मागायची न्हाई."

सव्वीस वर्षं जी चावी फक्त झोपताना खिशातून निघायची, ती गेली. दुसऱ्या दिवशी काकूंनी त्यांना डॉक्टरांकडे नेलं, डॉक्टरांनी आमच्याकडे पाठवलं. रिपोर्ट आला. टीएसएच चार-पाचच्या आत हवं, ते निघालं अडुसष्ट.

"थायरॉइड मंद पडलंय," डॉक्टर म्हणाले. स्टँडवर हे कळायला दहा मिनिटं लागली.

"थायरॉइड?" मच्छिंद्र हसून हसून जीपला टेकला. "ते तर बायकांचं असतं!"

काका माझ्याकडे वळले. "पोरी, मंग रिपोर्टावर कडूबाई लिहून दे."

"पुरुषांनाही होतं काका, फक्त कमी जणांना. गळ्यात एक ग्रंथी असते. अंगाचं इंजिन किती फिरायचं ते ती ठरवते. तुमची सुस्तावलीय. मग मेंदू वरून अ‍ॅक्सिलेटर दाबून राहिलाय. हा अडुसष्ट म्हणजे त्याच्या पायाचा जोर. गाडी पळायला लागली की पाय उचलला जाईल, आकडा उतरेल."

"अन् मी समजलो अडुसष्ट मार्क पडले," काका म्हणाले.

डॉक्टरांनी रोज एक गोळी दिली. सकाळी, अनशापोटी. मीही दोनदा बजावलं, अनशापोटी. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतलं. एक्कावन्न! स्वेटर तसाच, आवाज तसाच. काकूंनी पदराची गाठ आणखी आवळली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर डोस वाढवणार होते.

त्या सकाळी मी कल्याणकडे चहाला गेले. बाकड्यावर काका बसलेले. चावी नसली तरी पाय स्टँडकडेच वळायचे त्यांचे. त्यांनी खिशातून गोळी काढली, जिभेवर ठेवली आणि वाफाळत्या चहाच्या घोटाबरोबर गिळली.

"काका! अनशापोटी सांगितलं होतं ना?"

"अनशापोटीच हाये की. रात्रीपासून पोटात दाणा न्हाई."

"आणि हा चहा?"

"चहाला कोण खाणं म्हणतं? चतुर्थीला दिवसभर काही खात न्हाई मी, चहा चालतो. देवाला चालतो अन् गोळीला चालत न्हाई?"

अख्खं बाकडं त्यांच्या बाजूनं झालं. माझी आईसुद्धा उपासाला चार कप पिते! इतक्या लोकांना मी 'अनशापोटी' म्हणून सांगितलं होतं, पण चहा प्यायलात का, हे एकालाही विचारलं नव्हतं.

हे ऐकून डॉक्टर आधी खूप हसले. डोस तोच ठेवला. दुधाच्या चहाबरोबर गोळी अंगी नीट लागत नाही, म्हणाले. उठल्याबरोबर साध्या पाण्यानं घ्यायची, पुढे तासभर काही नाही. कागदावर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'चहासुद्धा नाही.'

तो कागद काकूंनी कल्याणच्या टपरीवर चिकटवला.

रोज सहाला घरी गोळी घेऊन काका स्टोव्हसमोर येऊन बसायचे.

"कल्याण, तास झाला."

"वीस मिनिटं झाली."

"वास तर घेऊ दे."

"वासाचं डॉक्टरनं लिहिलं न्हाई. घ्या."

पाचव्या आठवड्यात काकांनी स्वेटर काढला. मे महिना चालू आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं. आठ आठवड्यांनी मी रक्त घेतलं. आकडा पाहून नमुना पुन्हा लावला, कारण माझाच विश्वास बसेना. चार पूर्णांक एक.

डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली. "पण बरं वाटतंय म्हणून गोळी सोडायची नाही. ती बहुधा जन्मभर."

"जन्मभराची मला सवय हाये," काका काकूंकडे बघत म्हणाले.

काकूंनी रिपोर्टवरचा आकडा बोटानं शोधला. मग पदराची गाठ मुठीत धरून त्या स्टँडवर आल्या.

"आधी आरोळी ऐकवा."

काका जीपशेजारी उभे राहिले. घसा खाकरला. "ए टेंभुर्णीऽऽ, जालनाऽऽ! चला, एकच शीट!"

लॅबची काच थरथरली. मच्छिंद्रच्या जीपमध्ये बसलेल्या दोन सवाऱ्या सवयीनं उठल्याच.

काकूंनी गाठ सोडली, चावी काकांच्या हातात ठेवली आणि रिकाम्या जीपचं पुढचं दार उघडून स्वतः बसल्या.

"तू कुठं?"

"एकच शीट म्हणले ना? चला. टेंभुर्णीपर्यंत तुमचे डोळे बघायचेत मला."