जावई जीपखाली

उन्हाळ्यात जावयाला रसाच्या जेवणाला बोलवायचं ही आमच्याकडची पद्धत. जेवण झालं की त्याला कूलरसमोर झोपवायचं हीसुद्धा पद्धतच. ही दुसरी पद्धत मी पाळली असती तर पुढचं काही घडलं नसतं. मी जावयाला झोपवलं ते जीपखाली, गोणपाटावर, आणि त्याच्या छातीवर गिअरबॉक्स ठेवला.

जावई म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भाऊजी. अकोल्याला त्यांची धान्याची आडत आहे. मी अमरावतीला कॉलेजात फिजिक्स शिकवतो. यंत्रातलं दोघांनाही सारखंच कमी कळतं, पण मी फिजिक्सवाला असल्यामुळे मला कळत असावं असा भाऊजींचा समज होता, आणि ते जावई असल्यामुळे त्यांना कळतच असणार असा आमच्या घराचा. वरूडकडच्या एका संत्र्याच्या बागेत ही जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप आम्हाला सापडली तेव्हा तिच्या मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. ट्रकवर चढवून जीप माझ्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये आणली. तेव्हापासून भाऊजी सवड मिळेल तसे अकोल्याहून यायचे, आणि आम्ही दोघं ती आधी खोलायचो आणि मग खोलल्याचा पश्चात्ताप करायचो.

आमच्या घरात जावयाचा शब्द मोडत नाहीत. वडिलांनी घालून दिलेला नियम आहे. भाऊजींनाही तो चांगला माहीत आहे. ते दरवर्षी रस खातात आणि दरवर्षी नाव ठेवतात. कधी आंबट आहे, कधी विलायची जास्त झाली, कधी आंब्यात धागे आहेत. आई बिचारी मान डोलावते आणि आणखी वाढते.

त्या दिवशीही रसात धागे निघाले होते. मग घरातली सगळी मंडळी दारं लावून कूलरसमोर पडली आणि आम्ही दोघं भरल्या पोटाने शेडमध्ये आलो. मे महिन्यातली दुपार. वरचे टिन तापून मधूनच कडाड वाजायचे.

जीपची चारही चाकं मी काढली होती. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवायचं, म्हणजे जॅकने दगा दिला तरी गाडी चाकावर टेकते. हे वाटेवरच्या पंक्चरवाल्यालाही माहीत असतं. मला माहीत नव्हतं असं नाही. पण चाकांना मी नवा रंग दिला होता, ती भिंतीवर खुंट्यांना टांगली होती आणि फोटो काढून कॉलेजच्या ग्रुपवर टाकला होता. लोकांनी अंगठे दिले होते. जीप उभी होती एक्सलखाली रचलेल्या विटांवर. विटा भाऊजींनी रचल्या होत्या. त्यातल्या काही कच्च्या भाजलेल्या, कडा चुरा होणाऱ्या होत्या हे मी पाहिलं होतं. बोललो नाही. जावयाने रचलेली वीट.

गिअरबॉक्स बसवायचा तो खालून. भाऊजी पाठीवर झोपले, आम्ही तो त्यांच्या छातीवर घेतला, त्याला दोर बांधला आणि दोराचं टोक जीपच्या फ्लोअरच्या भोकातून वर काढून शेडच्या छताच्या आडव्या पाइपवरून उजव्या बाजूला खाली सोडलं. खालून त्यांनी ढकलायचं, वरून मी ओढायचं. त्याचा पुढचा दांडा इंजिनच्या क्लचप्लेटमध्ये अर्धा गेला आणि अडकला.

"जागा कमी पडून राहिली," खालून आवाज आला. "इकडून थोडी उचल न गाडी. चार बोटं."

"तुमी बाहेर या न आधी."

"अबे, आता बसला हाय तो अर्धा. पुन्हा कोण काढते? उचल तू."

शब्द मोडायचा नाही. दोर सोडून मी पुढच्या एक्सलच्या डाव्या टोकाखाली जॅक लावला आणि लोखंडी नळी घालून दाबत गेलो. गाडी चार बोटं वर आली. तिथल्या विटांवरचा भार गेला, आणि भारानेच एकत्र उभी असलेली ती चळत शांतपणे आडवी झाली. वरच्या दोन विटांचे तुकडे उडाले.

"काय पडलं बे?"

"वीट."

"कोणती?"

"सगळ्याच."

मग भाऊजी म्हणाले, "जॅकवर हाय न पण?"

होती, जॅकवरच होती. आणि त्याच वेळी मला दिसलं की जॅकच्या तळाशी तेलाचा एक काळा डाग आहे आणि तो मोठा होतोय. सील गेलं होतं. एक्सल डोळ्यांना जेमतेम जाणवेल इतक्या संथपणे खाली येत होता. मी नळी दाबली, तो वर गेला. थांबलो की पुन्हा खाली. बंद भांड्यातल्या तेलावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पसरतो, हे मी दरवर्षी अकरावीला फळ्यावर आकृती काढून सांगतो. भांडं गळत असेल तर काय, हा प्रश्न एकाही पोराने मला आजवर विचारलेला नाही.

"भाऊजी, जॅक बसून राहिला."

"मंग दाब न!"

"दाबूनच राहिलो. थांबलो की बसते."

"मंग थांबू नको."

असा तो पेच होता. मी नळी सोडली तर गाडी बसणार आणि गिअरबॉक्स भाऊजींच्या छातीत रुतणार. गिअरबॉक्स त्यांच्यावरून उचलायचा तर दोर ओढायला पाहिजे, आणि दोर गाडीच्या पलीकडे लटकत होता. त्यांना एकट्याने तो बाजूला ढकलता येईना, कारण दांडा क्लचमध्ये अडकलेला. आणि जॅकमधलं तेल संपलं की माझ्या दाबण्यालाही काही अर्थ राहणार नव्हता.

आम्ही ओरडलो. आधी मी, मग ते, मग दोघं मिळून. घर तिथून हाकेवर आहे, पण उन्हाळ्यातल्या दुपारी आमच्या गल्लीत प्रत्येक खिडकीत कूलर घरघरत असतो. आत माझी बायको, बहीण आणि आई, तिघी त्या घरघरीत गाढ. बाहेर कोणी भजन लावलं काय आणि बँड वाजवला काय.

"लाइन जाईन आता," भाऊजी म्हणाले. "रोज जाते न तुमच्या इकडे या टायमाले?"

"रोज जाते."

"लाइन गेली की कूलर बंद होईन. मंग आयकू येईन त्यायले."

आम्ही लाइन जायची वाट पाहिली. ज्या वीजखात्याला मी वर्षभर शिव्या घालतो, त्याने त्या दुपारी काय निष्ठेने काम केलं! शेडमधला बल्बसुद्धा एकदा लुकलुकला नाही. माझा मोबाइल समोरच्या फळीवर होता, माझ्या हातापासून कितीतरी दूर, आणि त्यावरच्या व्हिडिओत एक दाढीवाला गिअरबॉक्स किती सोपा असतो ते हसत हसत सांगत होता. भाऊजी म्हणाले, "त्याले बंद कर बाप्पा." तेही मला करता येत नव्हतं.

पोचेल असं काय आहे, म्हणून मी पाय लांब करून चाचपडलो. विटांचे तुकडे निरुपयोगी. पाना-पेटी पत्र्याची, चेपली असती. पेटीला टेकून उभं होतं ते हेड.

इंजिनच्या डोक्यावर बसणारा तो ओतीव लोखंडाचा जाड ठोकळा. आमच्या जीपचं मूळ हेड तडकलेलं होतं, आणि दुसरं मिळावं म्हणून भाऊजींनी अकोल्यातला भंगारबाजार पालथा घातला होता. शेवटी पातूरकडच्या एका पिठाच्या चक्कीवर त्याच जातीचं इंजिन चालतंय असं त्यांना कळलं. चक्कीवाल्याला ते सतत भेटत राहिले. त्याच्या घरच्या लग्नात जाऊन आले. मग कुठे त्याने दुसरी मोटर बसवली आणि हे हेड दिलं. भाऊजींनी त्याचा फेस, म्हणजे खालची सपाट बाजू, लेथवर घासून घेतला, ते आपल्या आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि एसटीत मांडीवर घेऊन आणलं.

माझा पाय त्याला लागला आणि पेटी खडखडली.

"कशाले लागला पाय?"

"हेडले."

"नाई हां."

"भाऊजी, दुसरं काईच पोचत नाई. एक्सलखाली सरकवतो फक्त."

"त्याचा फेस जाईन! ओतीव हाय ते, फुटते! तुले सांगून ठेवतो, हेडले हात नाई लावायचा."

"हात नाई, पाय लावतो."

"मजाक सुचून राहिला तुले?"

खरं सांगतो, मला मजाक सुचत नव्हता. दुसरा उपायही सुचत नव्हता. पण मी पाय मागे घेतला. छातीवर गिअरबॉक्स घेऊन पडलेल्या माणसाने नको म्हटलं आणि मी ऐकलं. आमच्या वडिलांना अभिमान वाटला असता. नळी दाबत राहिलो. दंडात गोळे यायला लागले. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात रिकामा नव्हता. आधी एक दाब दिला की एक्सल बोटभर उचलला जायचा, आता दोन-तीन दाब लागत होते. तेलाचा डाग माझ्या चपलेपर्यंत आला होता.

भाऊजींचं बोलणं कमी होत गेलं. आधी शिव्या थांबल्या. मग सूचना थांबल्या. मला त्यांचा श्वास ऐकू यायला लागला, छोटा, वरच्या वर घेतलेला. मीच बोलत राहिलो. ही गाडी झाली की थंडीत सेमाडोहच्या जंगलात जाऊ, ताईला पुढे बसवू, असं काहीबाही.

"भाऊजी?"

"हूं."

"बोला न काईतरी."

मग तुटक तुटक आवाज आला. "आईले सांगजो... रस... लय मस्त झाला होता."

लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने आमच्या घरच्या कुठल्याही पदार्थाला एकदाही बरं म्हटलेलं नव्हतं. आता ते आमच्या आईच्या रसाचं कौतुक करत होते. म्हणजे त्यांनी मनातल्या मनात निरवानिरव सुरू केली होती.

"हेड लावून राहिलो," मी ओरडलो. "आता नाई म्हणू नका."

ते काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही. आलं असतं तरी ऐकलं नसतं.

होता नव्हता तेवढा जोर लावून मी नळी दाबत गेलो, एक्सल जितका वर जाईल तितका नेला. एका हाताने नळीवर रेलून पाय ताणला, आणि लुगड्यासकट हेड टाचेने ओढलं. ते कलंडायला आलं. कलंडलं असतं तर आडवं होऊन त्याची उंची कमी पडली असती. टाचेने सावरलं. मग ते सांडलेल्या तेलावर आलं आणि अचानक इतकं सहज सरकलं की जॅकवरच जाऊन आदळणार होतं. पायाची बोटं घालून थांबवलं. बोट सोलून निघालं ते संध्याकाळी समजलं. उभं, कडेवर, एक्सलच्या बरोबर खाली. नळी सोडायची हिंमत होईना. एक्सल आपणच खाली येत येत त्याच्यावर टेकला.

कट्.

कोपरा गेला. पण बाकीचं हेड जागचं हललं नाही आणि एक्सल तिथेच थांबला. मी श्वास रोखून पाहत राहिलो. थांबलेलाच होता.

मग मी काय केलं? दोर ओढायला म्हणून जीपमध्ये चढायला गेलो. म्हणजे फुटक्या हेडवर तोललेल्या गाडीत, माझं रसाने भरलेलं वजन घेऊन. एक पाय वर टाकला आणि गाडी कुरकुरली. खालून जे काही ऐकू आलं त्यावरून भाऊजींच्या छातीत अजून पुष्कळ हवा शिल्लक आहे याची खात्री झाली.

"उतर! उतर गध्या!"

उतरलो. गाडीला वळसा घालून गेलो, लटकणारा दोर धरला आणि जमिनीवर पाय रोवून मागे रेललो. पहिल्या हिसक्याला काही नाही. दुसऱ्याला दांडा क्लचमधून सुटला आणि गिअरबॉक्स भाऊजींच्या छातीवरून वीतभर उचलला गेला. खाली गोणपाट खसखसलं. आधी त्यांचे पाय बाहेर आले, मग पोट, मग डोकं. बनियनवर गिअरबॉक्सच्या झाकणाचा चौकोन उमटला होता. ते चार पायांवर उठले, मग गुडघ्यांवर, मग जीपला धरून उभे राहिले.

मी दोर धरूनच होतो. बोटं उघडत नव्हती. ते माझ्यापाशी आले.

"सोड."

"पडते खाली."

"पडू दे न. खाली कोणी नाई आता."

मला ते कळत होतं. समोर तर उभे होते. तरी हात ऐकेना. त्यांनी माझी मान धरून मला वाकवलं आणि गाडीखाली बघायला लावलं. गोणपाटावर ओली पाठ उमटलेली होती, आणि तिच्यावर तो लोखंडी ठोकळा दोराला झुलत होता. मग त्यांनी माझं एक बोट सोडवलं, दुसरं सोडवलं. तिसऱ्याला दोर आपणच सटकला.

गिअरबॉक्स त्या ओल्या पाठीवर पडला. बरोबर मधोमध.

भाऊजी ते बघत राहिले. मग शेडच्या दारात गेले, उन्हात उकिडवे बसले आणि दुपारचा सगळा रस त्यांनी उलटून टाकला. मी मागून जाऊन त्यांचं कपाळ धरलं. घामाने थंड पडलं होतं.

"हेड फुटलं काय?" दोन उमाशांच्या मधे त्यांनी विचारलं.

"कोपरा गेला."

"फेसपर्यंत?"

"नाई. कडेचा."

"मंग वेल्डिंग होते," ते म्हणाले आणि पुन्हा वाकले. मी कपाळ सोडलं नाही.