आर्विलाने निवडलेलं रिव्हॉल्व्हर

आर्विला स्टेनरुड एकसष्ट वर्षांची असताना तिला अस्वलांचे केस गोळा करायचं काम मिळालं. त्याआधी एकतीस वर्षं ती आमच्या गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात होती. मोंटानाच्या या वायव्य कोपऱ्यातली निम्मी माणसं तिच्या हातची मॅकरोनी खाऊन वाढली आहेत. ताटात गाजरं टाकून उठलं की ती कशी बघते, हे त्या सगळ्यांना माहीत आहे.

काम तसं साधं होतं. अस्वलं ठरावीक झाडांना पाठ घासतात. वनखात्याने त्या झाडांवर काटेरी तारेचे तुकडे ठोकलेले असतात आणि केस त्यांत अडकतात. दर पंधरा दिवसांनी जाऊन ते चिमट्याने पाकिटात घालायचे आणि वर झाडाचा नंबर लिहायचा. आर्विलाच्या वाट्याला चोवीस झाडं आली, अठरा मैलांची वाट. सोबत कोणी नाही. नवरा ऑरिन जाऊन तीन वर्षं झाली होती. काम मेमध्ये सुरू व्हायचं होतं, म्हणजे हाताशी पुरा हिवाळा होता.

खात्याने तिला मिरचीच्या फवाऱ्याचा डबा दिला, तो कसा मारायचा ते शिकवलं. तिला तो पटलाही. "पण वारा माझ्याच तोंडावर असला तर?" ती मला म्हणाली. "आणखी काहीतरी जवळ असलेलं बरं."

दुसरी एक गोष्ट तिच्या मनात होती. शाळेत असताना ती नेमबाजीत जिल्ह्यात पहिली आली होती. पुढे संसारात ते राहून गेलं. आमच्या क्लबात रविवारी रिव्हॉल्व्हरची नेमबाजी चालते; तिथे निशाणांचे कागद बदलायचं काम माझ्याकडे आहे. तिला त्यात उतरायचं होतं. मात्र दोन रिव्हॉल्व्हरं घ्यायला ती तयार नव्हती. "जंगलात एक आणि रविवारी दुसरं असं केलं, तर ऐन वेळी हात गोंधळेल," ती म्हणाली.

ऑक्टोबरात आम्ही दोघं क्लीट व्हॅनहॉर्नच्या दुकानात गेलो. क्लीट पंचेचाळिशीचा, म्हणजे गाजरं खाल्लेल्यांपैकीच. त्याने आधी सगळ्यांत मोठं रिव्हॉल्व्हर काढून काचेवर ठेवलं. आर्विलाने ते दोन्ही हातांनी उचललं.

"क्लीट, हे घेऊन मी निघाले तर चौथ्या मैलाला अस्वलालाच देऊन टाकेन. म्हणेन, घे बाबा, तूच वाहा."

"मिसेस स्टेनरुड, वजन नको असेल तर हे बघा." त्याने हलक्या धातूचं एक काढलं. पॉइंट चव्वेचाळीस बोअरची जाड गोळी, पण हातात घेतलं तर पावाच्या लादीइतकं हलकं.

दुकानामागे मातीचा उंच बांध घालून त्याने निशाणाची जागा केलेली आहे. तिथे तिने ते चालवलं. पहिल्या बाराला तिचा हात कपाळापर्यंत उडाला. दुसऱ्याला अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी फाटली. तिसरी गोळी निशाणाच्या किती तरी अलीकडे जमिनीत घुसली. तिने चक्र उघडून काडतुसं काढली, रुमाल हाताला गुंडाळला.

"वाहायला छान आहे. चालवायला नको."

"जंगलात रोज थोडंच चालवायचंय?"

"जे रोज चालवता येत नाही, ते त्या दिवशी मला कसं चालवता येईल?"

क्लीटने ते पुसून पुन्हा कपाटात ठेवलं.

मग तिने साडेसहा इंची नळीचं एक पोलादी रिव्हॉल्व्हर घेऊन पाहिलं. ते सुरेख चाललं. सहाच्या सहा गोळ्या बशीएवढ्या जागेत. मला वाटलं, झालं काम. पण दुसऱ्या दिवशी ती पाठीवरची सॅक आणि रेनकोट घालून दुकानात हजर. रिव्हॉल्व्हर छातीवरच्या चामडी पट्ट्यात अडकवून ती खाली वाकली, गुडघ्यावर बसली, झाडाच्या बुंध्याशी चिमटा चालवल्यासारखं केलं. दर वेळी नळीचं टोक मांडीत रुतत होतं. काडतुसं घ्यायला आलेले दोघेजण बघत उभे राहिले.

"मिसेस स्टेनरुड, हे कपड्यांचं दुकान नाहीये," क्लीट म्हणाला.

"कपडे चुकले तर निदान बदलून मिळतात."

असे तीन आठवडे गेले. शेवटी तिनेच मागच्या फळीवरचं एक वापरलेलं रिव्हॉल्व्हर मागितलं. क्लीटने ते तिला दाखवलंही नव्हतं. पंचेचाळीसची गोळी, सव्वाचार इंची नळी, सगळं पोलादी, वजन तीन पौंडांच्या आतबाहेर. लाकडी मूठ आधीच्या मालकाच्या हाताने गुळगुळीत झालेली. वाकलं तरी ते रुतत नव्हतं. कमी दारूची मऊ काडतुसं घातली तर रविवारच्या नेमबाजीला चालत होतं, जड शिशाची घातली तर जंगलाला. मऊ काडतुसांनी तिचा नेम छान बसला. जड घातली की मात्र सगळ्या गोळ्या खाली, डाव्या अंगाला.

क्लीटने रिव्हॉल्व्हर तिच्या हातून घेतलं, पाठ फिरवून भरलं आणि परत दिलं. तिने चाप ओढला. बार झाला. पुन्हा ओढला, तर नुसता खट्‌ असा आवाज. आणि त्याच क्षणी नळीचं टोक चार बोटं खाली गेलेलं आम्हा तिघांनाही दिसलं. मध्ये मध्ये त्याने झाडलेली रिकामी काडतुसं घातली होती.

"बार व्हायच्या आधीच घाबरताय तुम्ही," तो हळूच म्हणाला.

तिने उरलेली काडतुसं काढली. मग म्हणाली, "त्या हलक्याने शिकवलंय हे. आता विसरायला किती दिवस लागतील?"

"वसंतापर्यंत जाईल. रोज केलंत तर."

तिने तेच विकत घेतलं. त्या हिवाळ्यात ती रोज दुपारी तळघरात जायची. रिव्हॉल्व्हर रिकामं आहे ना हे तीनदा बघायची, नळीवर टोकाजवळ एक नाणं ठेवायची आणि काँक्रीटच्या भिंतीकडे रोखून चाप ओढायची. अंगठ्याने घोडा आधी मागे ओढून ठेवला तर चाप अगदी हलका होतो, पण ती सवय तिने लावूनच घेतली नाही. चाप पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा ओढायचा, त्यातच घोडा मागे जाणार आणि पडणार. रोज शंभर वेळा. नाताळापर्यंत नाणं पडत होतं. फेब्रुवारीत पडायचं थांबलं. एप्रिलच्या पहिल्या रविवारी ती चौदाजणांत नववी आली आणि मेमध्ये कामाला लागली.

ऑगस्टमधल्या एका सकाळी सतराव्या झाडाजवळ तिला कुजका वास आला. वाटेच्या कडेला माती आणि गवताचा ढीग होता, त्यातून सांबराएवढ्या एल्क हरणाचा खूर बाहेर आलेला. अस्वलाने पुरून ठेवलेली शिकार. मालक जवळच असणार हे तिला कळलं. ती हळू आवाजात बोलत मागे सरकू लागली. तेवढ्यात वरच्या झुडपातून अस्वल उठलं आणि सरळ तिच्या अंगावर धावून आलं.

फवारा तिच्या डाव्या हातात होता, पण वारा अस्वलाकडून तिच्याकडे वाहत होता. तिने उजव्या हाताने रिव्हॉल्व्हर काढलं. नेम धरायला नळीच्या टोकावर असलेला लाल ठिपका अस्वलाच्या छातीवर स्थिर होता. तो हलत नाहीये याचं तिला त्या वेळीही नवल वाटलं, असं ती सांगते. तिने चाप ओढायला सुरुवात केली. घोडा अर्ध्यावर आला, चक्र फिरू लागलं, आणि पंधरा पावलांवर अस्वल थांबलं. जमिनीवर पंजे आपटले, फुरफुरलं, बाजूला वळलं. आर्विलाने चाप तसाच सावकाश पुढे जाऊ दिला. अस्वल ढिगामागे गेलं. ती मागे मागे चालत वळणाआड आली, तिथे बसली आणि ओकली.

संध्याकाळी तिने हे आम्हाला दुकानात सांगितलं. क्लीट काचेवर कोपरं टेकून ऐकत होता.

"मी असतो तर मारलं असतं," तो म्हणाला. "पंधरा पावलं म्हणजे काहीच नाही हो."

"आणखी दोन पावलं आली असती तर मीही मारलं असतं. ती थांबली."

"मादी होती हे कशावरून?"

"तिच्यामागे पिल्लं नव्हती, तरी मला तसं वाटलं. चुकतही असेन."

"भीती नाही वाटली?"

"खूप. पण ती नंतर आली."

खात्याने ती वाट तीन आठवडे बंद ठेवली. वाट उघडल्यावर आर्विला पुन्हा जाऊ लागली. सतराव्या झाडापाशी मोठ्याने बोलत जायची, एवढाच काय तो फरक. पुढे आणखी चार वर्षं तिने ते काम केलं आणि रिव्हॉल्व्हर जंगलात एकदाही झाडलं नाही.

अस्वल भेटलं त्याच वर्षी सप्टेंबरच्या नेमबाजीला आम्ही दोघं माझ्या गाडीतून गेलो. ती सहावी आली. अस्वलाची हकिकत तोवर गावभर झाली होती. लोक येऊन विचारत होते, ती दोन शब्दांत सांगून मोकळी होत होती. घरी परतताना तिच्या मांडीवर निशाणाचा कागद होता आणि कडेला गेलेल्या दोन गोळ्यांवर ती पूर्ण अकरा मैल बोलत होती.